आधी की नंतर

मंगळवारी मी भावजींची गाडी मागून घेतली होती. घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दुकानात द्यायची होती. एका वळणावर ती डिकीत कलंडली आणि थोडं अ‍ॅसिड सांडलं. मी त्यावर खायचा सोडा टाकला, फेस थांबेपर्यंत वाट पाहिली, तीनदा पुसलं, चटई धुऊन वाळवली आणि परत अंथरली. सगळं व्यवस्थित निस्तरलं होतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. डिकीत एक निळी पिशवी होती. ती मी उचलून मागच्या सीटवर ठेवली, एवढं आठवत होतं.

शनिवारी पहाटे तीच पिशवी खांद्याला लावून भावजी जिना उतरताना दिसले.

"नवाकोरा दोर," ते म्हणाले. "सत्तर मीटर. आज घळीत उतरताना त्याचा नारळ फोडायचा."

भावजी म्हणजे माझ्या मैत्रिणीचे यजमान. उंच इमारतींच्या बाहेर दोरावर लटकून काचा पुसणं हा त्यांचा धंदा. मैत्रीण दातांची डॉक्टर. आणि मी एका प्रयोगशाळेत पट्टे आणि दोर यंत्रावर ओढून तोडते, किती भाराला तुटले ते लिहून ठेवते. बॅटरीचं अ‍ॅसिड नायलॉनचं काय करतं आणि ते वरून कसं दिसत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

सीटवर पिशवी मी अ‍ॅसिड सांडण्याआधी ठेवली की नंतर? गाडी शहराबाहेर पडली, रस्त्याकडेची झाडं संपली, दोन्ही बाजूंना नुसती तांबूस वाळू आणि दगड उरले, तरी मी तेवढं एकच आठवत होते. बॅटरी कलंडल्याचा आवाज आठवला. सोड्याचा डबा उघडताना नख मोडलं होतं तेही आठवलं. पिशवीचा बंद हातात होता, पण हातावर सोड्याची पांढरी भुकटी होती की नव्हती?

"भावजी, मंगळवारी ही पिशवी डिकीतच होती का?"

"तिची जागाच ती. का?"

"काही नाही, सहज."

"हिचं सहज म्हणजे घोर असतो," मैत्रीण पुढच्या सीटवरून म्हणाली. "काय झालंय? गॅस चालू राहिलाय का घरी?"

"नाही."

"मग झोप जरा. पाय किती हलवतेस! माझी सीट हलतेय."

सकाळी आम्ही बारा मीटरच्या एका कड्यावर चढलो, जुन्या लाल दोरावर. ऊन अजून कोवळं होतं आणि दगड हाताला गार लागत होता. मैत्रीण अर्ध्यात अडकून खडकाला शिव्या देत होती. खाली दोर धरून भावजी तिला म्हणाले, "पेशंटला सांगतेस ना, आ कर, दुखणार नाही? तसंच. दुखणार नाही, चढ." एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा मी लाल दोराकडे बघत होते आणि मनाशी म्हणत होते, आजचा दिवस यावरच निघाला तर!

पण घळीसाठी लाल दोर आखूड होता. तो गाडीत टाकून आम्ही वाळूतून पाऊण तास चालत घळीच्या तोंडाशी गेलो. घळीत चार उतार होते. पहिला नऊ मीटरचा, तिसरा तीसचा. प्रत्येक वेळी कड्यातल्या लोखंडी कडीतून दोर मध्यापर्यंत ओवायचा, दोन्ही पदर खाली सोडायचे, सगळ्यांनी उतरायचं आणि खालून एक पदर ओढून दोर सोडवून घ्यायचा. एकदा दोर ओढला की मागे फिरता येत नाही.

भावजी पिशवीतून दोर सोडत होते. मी तो बोटांमधून जाऊ देत होते, इंच इंच.

"मेव्हणीबाई, साडी निवडताय का?"

मध्यापासून साधारण बारा मीटरवर एक जागा किंचित ताठ लागली. धूळही असू शकत होती. तोंडाशी आलेलं मी गिळलं. बोलले असते तर दिवस वाया गेला असता, आणि दिवस वाया घालवण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मंगळवारी गप्प बसलेली बाई शनिवारी कसं तोंड उघडणार, हा प्रश्न होता.

भावजी उतरले. मैत्रीण उतरली. मग मी. उतरताना मी हिशेब करत होते: नऊ मीटरच्या उतारावर मध्याच्या दोन्ही बाजूंच्या नऊ नऊ मीटरवरच भार येतो, बाकीचा दोर खाली वाळूत पडून राहतो. म्हणजे आपण तिघं सुखरूप उतरलो यावरून त्या बाराव्या मीटरबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ते सिद्ध होईल तिसऱ्या उतारावर, आणि तिथेही पहिले जाणार भावजी.

खाली गार सावली होती. भिंती इतक्या जवळ की दोन्ही हात पसरता येत नव्हते. भावजींनी डावा पदर हातात घेतला.

"ओढू?"

मी दोर धरला. "थांबा. ओढू नका."

मी सगळं सांगितलं. बॅटरी, सोडा, चटई, पिशवी. माझा आवाज मलाच परका वाटत होता. भावजींनी हातातला पदर सोडला नाही.

"पिशवी आधी काढलीस की नंतर?"

"आठवत नाही."

"तुला आठवत नाही?" मैत्रीण म्हणाली. "आमच्या लग्नात कोण कुठल्या खुर्चीवर बसलं होतं ते तुला आठवतं!"

भावजींनी कमरेचे दोन आखूड, वर सरकवता येणारे फास दोराला आवळले आणि ज्या नऊ मीटरवर आमचा भार येऊन गेला होता त्यावरून ते एकटे वर चढले. वरून फक्त म्हणाले, "लाल दोर घेऊन येतो, त्यावरून वर या. तोवर हलू नका."

पावणेदोन तास लागले. आम्ही दोघी समोरासमोर बसलो, गुडघ्याला गुडघे टेकवून. मैत्रीण म्हणाली, "पेशंटच्या तोंडात सुई तुटली तर मी आधी त्याला सांगते. मग घाम पुसते."

"कळतंय मला."

"चार दिवस, गं."

ती बाटलीतलं पाणी प्यायली, मग तिनं बाटली माझ्याकडे सरकवली.

सोमवारी दुपारी भावजी प्रयोगशाळेत आले. पिशवीत दोराचे सत्तर तुकडे होते, मीटर मीटरचे, प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीवर आकडा.

"ओढ," ते म्हणाले. "सगळे."

मी मला ताठ लागलेल्या जागेपासून सुरुवात केली. मध्य पस्तिसावर, म्हणून नंबर तेवीस. तो यंत्रावर पुरता ताणला गेला आणि नव्या दोरानं तुटावं तिथेच मोठा आवाज करून तुटला. बावीस, चोवीस, तसेच. भावजी स्टुलावर बसून बघत होते. मी एका टोकापासून क्रमाने लावत गेले. दीड तास गेला. पन्नासही ठीक निघाला.

एक्कावन्न नंबरनं आवाजच केला नाही. काटा हलला न हलला तोच तो दोन तुकड्यांत पडला, गाजर मोडावं तसा. त्यावरूनही शनिवारी माझी बोटं गेली होती.

"किती?"

"अडतीस किलो."

भावजींनी ओठ हलवत हिशेब केला. त्यांचं वजन ऐंशी. दोन पदरांवर चाळीस चाळीस. "मध्यापासून सोळा मीटर," ते म्हणाले. "तिसरा उतार."

"हो." मी तुटका तुकडा चिमट्यातून काढला. आतले धागे पिवळसर पडले होते. "म्हणजे नंतर. पिशवी मी नंतर काढली."

मी वहीत अडतीस लिहिलं. आठचा आकडा दुसऱ्यांदा काढावा लागला. भावजींनी बावन्न नंबरचा तुकडा उचलून माझ्यापुढे धरला.

"लाव," ते म्हणाले.