मी पडत नाहीये, मला पाडताहेत

मी एक जुना गुत्ता आहे. हो, गुत्ता! नाकं कसली मुरडता? पाटीवर ठळक अक्षरांत 'पानगृह' लिहिलेलं आहे, पण त्या नावानं मला एकशे बारा वर्षांत एकाही माणसानं हाक मारली नाही. तेव्हा तुम्हीही मारू नका. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर तुमची माझी मैत्री झाली कधी? गेल्या महिन्यापर्यंत माझ्या खिडक्यांवर नेम धरून चेंडू मारणारे तुम्हीच ना? आता मला पाडणार म्हटल्यावर वह्या घेऊन आलात, कारण बाईंनी 'जुन्या इमारतीचे मनोगत' लिहून आणायला सांगितलंय. बसा तिथे फुटपाथवर. मनोगत गोड असेल अशी आशा मात्र ठेवू नका.

ही कोपऱ्याची जागा कुणालाच नको होती. खाली झरा होता. खणलं की पाणी, बुजवलं की पुन्हा पाणी. शेवटी एका गवंड्यानं डोकं चालवलं. तो म्हणाला, पाणी अडवायच्या भानगडीत पडू नका, त्याला रोज बाहेर काढा. त्यानं तळघराच्या कोपऱ्यात एक खड्डा केला, त्यावर लोखंडी हातपंप बसवला आणि पहिल्या मालकाला दम भरला. "रोज सकाळी उपसा करायचा. पाणी शेवटच्या पायरीला लागलं की पायाला लागलं म्हणून समजा. मग भिंत बसली तर माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत." मालकानं ऐकलं. त्याच्या मुलानं ऐकलं. ऐकणारी माणसं होती तोवर माझ्या अंगावर एक चरा पडला नाही.

माझ्याकडे कोण येत नव्हतं? छापखान्यातले शाईनं माखलेले कामगार, गोदीतले हमाल, कोर्टातले कारकून. तुमच्यापैकी निम्म्यांचे आजोबा माझ्या बाकांवर बसून गेले आहेत. घरी जाऊन विचारा, साफ नाकारतील. संसार बुडवणारी जागा म्हणून मला शिव्याही भरपूर मिळाल्या. काही संसार बुडाले, ते मी कशाला लपवू? पण कामावरून काढलेला माणूस घरी तोंड दाखवायच्या आधी तासभर माझ्या खिडकीशी बसायचा आणि त्याला कुणी काही विचारायचं नाही, हेही खरं आहे. ते कुणी निबंधात लिहीत नाही.

मग आल्या वहिनी. दुसऱ्या मालकाच्या थोरल्या मुलाची बायको. लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूनं त्यांना स्वयंपाकघर दाखवायच्या आधी तळघर दाखवलं. "जेवण काय, कुणीही करेल. हे तू कर." तेव्हापासून सेहेचाळीस वर्षं वहिनींनी रोज सकाळी पंप मारला. ताप असो, पाहुणे असोत, नवरा वारला त्या दिवशीसुद्धा आधी पाणी उपसून मग त्या वर येऊन रडल्या. सगळं गिऱ्हाईक त्यांना वहिनीच म्हणायचं. तिसऱ्या ग्लासनंतर त्या समोर येऊन उभ्या राहायच्या. "झालं ना? उठा आता." भलेभले दांडगट निमूट उठायचे. मुलंबाळं नव्हती त्यांना. वरच्या मजल्यावर रस्त्याकडच्या दोन खोल्या आणि खाली मी, एवढाच त्यांचा संसार.

मग लोकांना थंडगार हवेच्या, काचेच्या दारांच्या जागा आवडायला लागल्या आणि माझ्याकडे चार म्हातारे उरले. वहिनींचा धाकटा दीर याच संधीची वाट बघत होता. तोंडावर "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं" आणि पाठ वळली की बिल्डरच्या ऑफिसात. त्यानं आपला अर्धा हिस्सा विकला तेव्हा वहिनींना पत्ताही लागला नाही. मग तो बिल्डर आला. पांढरे शुभ्र बूट घालून बांधकामावर फिरतो, असा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी त्याचं नाव पांढरा बूट ठेवलं आहे. तुम्हीही तेच लिहा.

पांढऱ्या बुटाला मला मुळापासून उपटायचं होतं. पण नगरपालिकेनं सांगितलं, दर्शनी भिंत जुनी आहे, देखणी आहे, ती ठेवा आणि मागे काय नऊ मजले चढवायचे ते चढवा. वहिनींनीही आपल्या हिश्श्यावर सही करताना एकच अट घातली. भिंत राहिली तर तिच्या मागच्या त्याच दोन खोल्या, त्याच खिडक्या, त्यांना परत मिळायच्या. पांढऱ्या बुटानं हसत हसत कबूल केलं आणि खाली बारीक अक्षरांत स्वतःची अट घातली. भिंत धोकादायक ठरून पाडावी लागली तर ही अट रद्द. वहिनी भाचीकडे राहायला गेल्या. तिथे पॅसेजमध्ये, फ्रिज आणि संडासाच्या दाराच्या मधे, घडीच्या खाटेवर त्या झोपायच्या. भाचीचा नवरा त्यांना ओलांडून जाताना दर वेळी मोठ्यानं उसासा टाकायचा.

इकडे माझं आतलं सगळं काढलं. जिना, छप्पर, लाकडी काउंटर, झाडून सगळं. उरलो ते रस्त्याकडची भिंत आणि खाली तळघर. भिंतीला लोखंडी टेकू दिले आणि सगळे खूश झाले. पंप तेवढा कुणी मारेना. वहिनी रोज पत्र्याच्या कुंपणापाशी येऊन हाका मारायच्या.

"अहो इंजिनिअर, तळघरातलं पाणी उपसलंत का?"

"आजी, पाइप फुटलाय कुठेतरी. शोधतोय आम्ही."

"पाइप नाही हो, झरा आहे खाली. रोज उपसावं लागतं."

"नकाशात झरा नाहीये, आजी."

"मग तो नकाशा खाली नेऊन एकदा भिजवून आणा!"

इंजिनिअर हसला. गवंडी हसले. म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणाले. पाणी शेवटच्या पायरीला लागलं, मग तिच्या वरचीला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसा माझ्या तळातला गारवा वर चढत गेला आणि वरच्या खिडकीपाशी मला हातभर लांब भेग पडली. तेव्हा कुठे पळापळ झाली. पांढरा बूट मात्र पळाला नाही. तो मान वर करून भेगेकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, आत्ता या क्षणी याच्या टाळक्यावर बसावं.

नगरपालिकेचे तपासनीस आले. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेब परांचीवर चढले आणि त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंट लावून बसवली. पट्टीवर तारीख लिहिली. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते, अशी ती युक्ती. पाचव्या दिवशी काच तडकली. पांढरा बूट म्हणाला, "बघा, धोकादायक आहे." वहिनी साहेबांच्या गाडीला आडव्या गेल्या.

"मला आत सोडा. रोज सकाळी तासभर. मी पाणी उपसते. मग बघा हलते का ते."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग तळघरात उतरून गुडघाभर पाण्यात उभे राहून आले. भिजलेल्या पॅन्टनं त्यांनी हुकूम लिहिला. नवी पट्टी लावायची, एक महिना वहिनींना पंप मारू द्यायचा. पट्टी शाबूत राहिली तर भिंत राहील आणि खोल्याही राहतील. तडकली तर पाडायची. पांढरा बूट चटकन तयार झाला. साठी उलटलेली बाई महिनाभर पंप मारेल, असं त्याला वाटलंच नव्हतं.

तिनं मारला! वहिनी पहिल्या बसनं यायच्या, पदर खोचायच्या आणि दांडा खाली-वर, खाली-वर, तीनशे वेळा. आठव्या दिवशी उजवा खांदा धरला, तर डाव्या हातानं. पाणी वरच्या पायरीवरून उतरलं, मग शेवटचीवरून, मग खड्ड्यात गेलं. मीही अंग आवळून उभा होतो. मी काही मोठा सज्जन नाही. पांढऱ्या बुटाचा जळफळाट बघायचा होता म्हणून निम्मा जोर, आणि त्या खाटेसाठी निम्मा. एकोणतीस दिवस काच जशीच्या तशी. सोमवारी साहेब येणार होते.

आणि रविवारी दुपारी रंगारी आला.

हा रंगारी आमचाच. माझ्यावरची पाटी तीस वर्षांपूर्वी त्यानंच लिहिली होती. त्याची बायको आजारी होती तेव्हा वहिनींनी दोन महिने त्याला डबा दिला होता. वहिनी त्याला वाटेत भेटल्या होत्या आणि एवढंच म्हणाल्या होत्या की सोमवारी साहेब भिंत बघायला येणार, माझ्या खोल्यांचं काय ते ठरणार. बस! याच्या मनानं घेतलं. एवढी मोठी भेग साहेबाच्या डोळ्यांत भरली आणि भिंत नापास झाली तर? रविवारी कामावर कुणी नसतं. वॉचमन ओळखीचा. हा स्वतःच्या पदरचा रंग घेऊन परांचीवर चढला.

"कुणी मेल्यानं काच चिकटवलीय इथे," असं म्हणून त्यानं ती पट्टी पटाशीनं उचकटली आणि बादलीत टाकली. तिचे तीन तुकडे झाले. मग भेग खरवडली, पुट्टी भरली, घासून गुळगुळीत केली, वर रंगाचे दोन हात दिले. शीळ घालत होता, मूर्ख! वहिनींचे उपकार फेडायचे म्हणून मन लावून काम केलं. आणि मला ओरडता येत नाही. एकशे बारा वर्षांत मला कधी तोंड नसल्याचं वाईट वाटलं नव्हतं, त्या दुपारी वाटलं. मुद्दाम केलं असतं तर मी त्याला निदान मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या.

सोमवारी साहेब वर चढले. वहिनी खाली उभ्या होत्या. रंगारी स्वच्छ शर्ट घालून, केस विंचरून, गंमत बघायला आला होता.

"पट्टी कुठे आहे?" साहेबांनी वरून विचारलं.

पांढरा बूट पुढे झाला. "साहेब, हा तर गुन्हा आहे. भेग लपवलीय कुणीतरी. पोलिसांत द्या त्याला."

वहिनींनी वर बघितलं. मग रंगाऱ्याकडे. त्याच्या नखांत पुट्टी होती आणि तोंड पांढरंफटक पडलं होतं. तो काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मी लपवली."

"बाई, तुम्ही? परांचीवर चढून?"

"हो. तीनशे वेळा पंप मारते रोज, शिडी चढता येत नाही होय मला?"

साहेब खाली उतरले. ते खुळे नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "पट्टी नाही म्हणजे पुरावा नाही. शाबूत होती का तडकलेली, मी काय सांगू? भिंत धोकादायक असं लिहावं लागेल मला. आणि तुमच्या खोल्या..."

"लिहा."

"एकदा विचार करा, बाई."

"लिहा म्हटलं ना!"

साहेबांनी लिहिलं. पांढऱ्या बुटाला हवं ते मिळालं, पोलिसांचा विषय त्यानं तिथेच सोडून दिला. सगळे गेल्यावर रंगारी फुटपाथवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. वहिनींनी त्याला जवळ घेतलं नाही. "रंग चांगला बसलाय," त्या म्हणाल्या. "पण यापुढे विचारल्याशिवाय कुणाचं भलं करू नकोस." आणि बस पकडायला निघून गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. एका गाढवापायी दोन खोल्या घालवल्या! अजूनही राग आहे. तो गेला असता चार दिवस कोठडीत, काय बिघडलं असतं? पण त्या दिवसापासून मी त्यांच्याविरुद्ध एक शब्द कुणाला बोलू दिलेला नाही, आणि तुम्हालाही देणार नाही.

तुम्ही यायच्या जरा आधीची गोष्ट ऐका आणि मग उठा. उद्या मला पाडायला सुरुवात होणार म्हणून पांढरा बूट फोटोवाल्याला घेऊन आला. माझ्या दारात, बरोबर कमानीखाली उभा राहिला. 'जुन्याला प्रेमळ निरोप' असं काहीतरी त्याला छापायचं होतं म्हणे. त्याच्या डोक्यावर माझ्या तीन विटा सुट्या झाल्या होत्या. नुसतं अंग सैल सोडायचं, की काम झालं. कुणी मला दोषही दिला नसता, मी धोकादायक आहे असं सहीशिक्क्यानिशी लिहिलेलंच आहे.

मी अंग सैल सोडणार, तेवढ्यात खालून पंपाचा आवाज आला.

वॉचमन तळघराच्या तोंडाशी वाकून विचारत होता, "वहिनी, आता कशाला? हुकूम निघालाय."

"उद्या माणसं वर चढणार आहेत ना विटा उतरवायला?" खालून धापा टाकत आवाज आला. "पाया ओला राहिला तर ही भिंत बसेल त्यांच्यासकट. त्यांच्या घरी कोण कोण असेल."

मग काय करणार? मी विटा घट्ट धरल्या. पांढऱ्या बुटानं सात फोटो काढून घेतले, बूट झटकले आणि गाडीत बसून गेला. त्याला काही कळलं नाही.

मित्रांनो, आता वह्या मिटा. 'जुन्या वास्तूंची काळजी घ्या' असलं काही माझ्या नावावर खपवू नका. माझी काळजी घ्यायची वेळ गेली, आणि तुम्ही ती घेतली नसतीत हे मला ठाऊक आहे. पंपाचा आवाज थांबलाय. वहिनी आता वर येतील, पदर भिजलेला असेल, खांदा धरलेला असेल. उठून त्यांना वाट द्या. आणि तोंड आवरा. "कुठे निघालात?" असं विचारलंत, तर त्या "घरी" म्हणतील. तेवढं त्यांना विचारू नका.