आत दुमडलेलं कापड

कंत्राटदारांनी तणतणत हात पुढे केला, तेव्हा बाहीतून त्यांची बोटं दिसलीच नाहीत.

"काल भर सभेत मी हात वर केला आणि लोक खो-खो हसले," ते म्हणाले. "मी पुलाबद्दल बोलत होतो हो. गंभीर विषय."

आत्यानं चष्मा नाकावर सरकवला आणि बाहीचं टोक चिमटीत धरलं. खांद्यापासून चाचपत ती खाली आली आणि कंबरेशी थांबली. कोट कंबरेत चांगला चार बोटं ढगळ झाला होता. बाह्यांना मात्र कुणी हातही लावलेला नव्हता. तिनं मान वळवून मशीनकडे पाहिलं. मशीनवर बसलेल्या भाचीनं पाय थांबवला.

या दुकानात नवे कपडे शिवत नसत. दाराबाहेरच्या पाटीवर तसं स्पष्ट लिहिलं होतं. इथं यायचे ते तोकडे, ढगळ, आखूड, उसवलेले, कुणा मोठ्या भावाचे धाकट्यानं घातलेले. म्हणजे इथं येणारा प्रत्येक कपडा कुठंतरी चुकलेलाच असायचा, आणि त्याचं आत्याला चाळीस वर्षांत कधी नवल वाटलं नव्हतं. "बसत असता तर आणला कशाला असता," एवढंच ती म्हणायची.

तिची एक रीत होती. कपडा आला की ती माप घ्यायची, दोष बोलायची आणि भाची चिठ्ठीवर उतरवून घ्यायची: 'डावा खांदा उतरतो', 'बाह्या तीन बोटं कमी'. चिठ्ठी टाचणीनं कपड्याला लागायची. गिऱ्हाइकाला खुंटीचा बिल्ला मिळायचा. चिठ्ठीवर नाव मात्र कधीच लिहायचं नाही. नाव वाचलं की हात बदलतो, असं आत्याचं म्हणणं होतं. आवडत्या माणसाचे टाके बारीक पडतात, नावडत्याचे लांब.

परवा अर्ध्या तासात दोन काळे कोट आले होते. कंत्राटदारांच्या कोटाच्या बाह्या कमी करायच्या होत्या आणि मास्तरांचा कोट कंबरेत वाढवायचा होता. दोघंही निवडणुकीला उभे, दोघांनाही सभेसाठी कोट हवा. मास्तर दुकानात असेपर्यंत भाचीनं त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. चिठ्ठ्या लावतानाही ती रागानं धुमसतच होती, आणि इकडची चिठ्ठी तिकडे गेली.

"ही काही साधी चूक नाही," कंत्राटदार म्हणाले. "मला कळतं सगळं. मास्तरांच्या प्रचाराला मागच्या वेळी कोण फिरत होतं, ते आख्ख्या वॉर्डाला माहीत आहे."

भाचीनं स्टूल मागे सारलं. ती उठायच्या आत आत्या बोलली.

"चूक आमची आहे. बसा. तासाभरात करून देते."

कंत्राटदार बसले, पण नुसते बसतील तर ना. स्टूल डगमगतं म्हणाले. आरशाला डाग आहे म्हणाले. फोनवर कुणाला तरी झाडलं. मग खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "शंभर दिवसांत पूल उभा करतो की नाही बघा."

खिडकीबाहेर कालवा होता आणि कालव्यावर पायी जायचा पूल होता. म्हणजे दोन्हीकडचे खांब होते, मधला भाग दोन वर्षांपूर्वी पुरात गेला. पलीकडच्या काठावर शाळा, वसाहत आणि आत्याची निम्मी गिऱ्हाइकं. पूर्वी साठ पावलांत यायची. आता मोठ्या रस्त्याच्या पुलावरून वळसा घातला तर धडधाकट माणसाला पाऊण तास लागतो. एका पँटच्या दुमडीसाठी कोण एवढं चालणार? आणखी वर्षभर असंच राहिलं तर दुकान बंद करावं लागणार, हे दोघींना माहीत होतं आणि दोघीही त्यावर बोलत नव्हत्या.

"जुन्या पुलाचा कठडा तुम्हीच बांधला होता ना?" आत्यानं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"माल वाईट आला होता त्या वेळी. पुरवणाऱ्यानं फसवलं."

"अस्सं."

कोट झाल्यावर कंत्राटदार दहा मिनिटं आरशासमोर उभे राहिले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मागच्या शिवणीला सुटलेला नखाएवढा दोरा त्यांनी बरोबर शोधून काढला आणि तो तोडून घेतल्याशिवाय हलले नाहीत.

"नजर आहे याला," ते गेल्यावर आत्या म्हणाली. "पण आरशापुरती."

मास्तर मात्र आलेच नाहीत. दुपारी ते काठानं चालले होते, अंगात तोच कोट. मनगटं उघडी, पोटावर बटण लागत नव्हतं. आत्यानं दारातून हाक मारली.

"मास्तर, बाह्या आखूड झाल्यात. सांगायचं नाही का?"

"चालेल हो," मास्तर हसून म्हणाले. "कोण बघतंय एवढं?"

"काल सभेला सगळे बघत होते."

"चालायचंच."

भाचीच्या हातातली कात्री टेबलावर आपटली. हेच ते 'चालेल'. पाच वर्षांपूर्वी याच माणसासाठी ती दारोदार फिरली होती, घसा बसेपर्यंत. सज्जन माणूस, कुणाच्या चहालासुद्धा मिंधा नाही, असं छातीठोकपणे सांगितलं होतं तिनं लोकांना. मास्तर निवडून आले. आणि पूल गेल्यावर त्यांनी काय केलं? वर पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. चालेल म्हणाले. दुसरं पाठवलं. पलीकडच्या वसाहतीतल्या बाया तिला रस्त्यात गाठून विचारायच्या, काय गं, तुझे मास्तर काय म्हणतात? ती वाट बदलून जायला लागली. मास्तरांपेक्षा तिला स्वतःचाच राग जास्त होता, कारण माणूस ओळखण्यात ती चुकली होती.

आत्यानं मास्तरांचा कोट उतरवून घेतला, टेबलावर पसरला आणि बाही उलटली. भाची टेबलाशी आली. आत्याची दुसरी रीत होती, कापायचं नाही, दुमडायचं. जास्तीचं कापड आत घ्यायचं, त्याला या धंद्यात माया म्हणतात. माया राहिली तर कपडा पुन्हा मोठा होतो. कापला की संपलं. परवा रागाच्या भरात आपण दुमडलं की कात्री चालवली, भाचीला काही केल्या आठवेना.

आत्याचा अंगठा अस्तराखाली गेला आणि थांबला.

"आहे," ती म्हणाली.

भाचीनं कात्री उचलून खणात टाकली.

"उसव तू," आत्यानं कोट तिच्यापुढे सरकवला.

"मी नाही हात लावत. पुन्हा चुकेन."

"मग पुन्हा उसवशील."

मास्तर शर्टावरच बाकड्यावर बसून राहिले. भाची उसवत होती आणि ते तिच्या हाताकडे बघत होते. एक बाही उसवून झाली तेव्हा म्हणाले, "तू माझ्यासाठी फार फिरलीस गं. मी कमी पडलो." भाचीनं मान वर केली नाही, पण टाके बारीक घातले.

संध्याकाळी शटर ओढताना ती म्हणाली, "या वेळी मी नाही जाणार मत द्यायला. एकाला काही खुपतच नाही, दुसऱ्याला फक्त इतरांचंच खुपतं. आणि त्या तिसऱ्या उमेदवार, औषधाच्या दुकानातल्या बाई, त्यांच्या हातात माइक आला की वाचा बसते. काल सभेत चार वाक्यं बोलल्या आणि पाणी मागितलं."

"हो, पण त्या चारातली दोन पुलाच्या खांबांबद्दल होती," आत्या म्हणाली. "स्वतः खाली उतरून बघून आल्या होत्या."

"म्हणून काय त्या पूल बांधतील?"

"नाही सांगता येत."

"मग? कोण आहे त्यातलं धड?"

"कुणीच नाही," आत्या म्हणाली आणि कुलूप ओढून पाहिलं.

भाचीला वाटलं, ही आता समजूत घालेल, चार शब्द सुनावेल. आत्यानं तिसऱ्याच गिऱ्हाइकाच्या पडद्यांचा विषय काढला.

मतदानाच्या दिवशी सकाळी नऊला आत्यानं काठी घेतली. मतदानकेंद्र शाळेत होतं, म्हणजे खिडकीच्या अगदी समोर, साठ पावलांवर, आणि तिच्या गुडघ्यानं दीड तासावर.

"रिक्षा बघते मी," भाची म्हणाली.

"मोठ्या पुलावर आज सोडत नाहीत. विचारून आले काल. तू पडद्यांना हूक लाव."

भाची मशीनवर बसली खरी, पण लक्ष कसलं लागतंय. कालवा सरळसोट होता, काठावरचं सगळं दिसायचं. आत्या काठाकाठानं लहान लहान होत गेली. दर विजेच्या खांबाशी थांबायची, काठीवर दोन्ही हात ठेवायची, पुन्हा निघायची. मोठ्या पुलावर ती दिसेनाशी झाली. भाचीनं तीन हूक उलटे लावले आणि तीनही उसवले. मग पलीकडच्या काठावर एक ठिपका आला आणि मोठा होत होत आत्या झाला. अकराच्या सुमारास ती शाळेच्या रांगेत उभी होती, दुकानाच्या बरोबर समोर. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. रांगेतल्या कुणी तरी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली आणि रांगेबरोबर खुर्ची पुढे सरकवत राहिली.

ही बाई वेडी आहे, भाचीच्या मनात आलं. आणि लगेच तिला जाणवलं की आपल्याला तिचा केवढा अभिमान वाटतोय. तिनं पडदे घडी करून ठेवले, दिवा मालवला आणि शटर ओढलं.

ती झपाझप चालली तरी पोचायला पाऊण तास लागला. मत देताना यंत्रासमोर ती जरा जास्तच वेळ उभी राहिली असावी, कारण टेबलामागचे गृहस्थ खाकरले. तिनं नावांवरून नजर काढली आणि प्रत्येकाची चिठ्ठी मनात लिहून पाहिली, नुसता दोष आणि काय करता येईल ते. मग बटण दाबलं.

बाहेर आत्या शाळेच्या पायरीवर पाय लांब करून बसली होती. भाचीच्या बोटावरची शाई तिनं पाहिली.

"कुलूप ओढून बघितलंस?"

"बघितलं."

भाची शेजारी टेकली. समोर पाणी, त्यापलीकडे त्यांचं बंद दुकान. इथून ते फारच इवलंसं दिसत होतं.

"तू ज्याला दिलंस तो येईल निवडून?" भाचीनं विचारलं.

"माझा?" आत्या हसली. "माझा आजवर एकही आलेला नाही."

"एकही?"

"नऊ वेळा दिलं. नऊही पडले."

"पण मागच्या वेळी मास्तर आले होते की."

"मास्तर तुझे. मी दुसऱ्याला दिलं होतं."

भाची तिच्याकडे बघतच राहिली. मागच्या वेळी तिच्या प्रचाराच्या फलकांना आत्यानंच रात्री जागून कडा शिवून दिल्या होत्या, बारीक टाक्यांनी.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू केवढ्या हौसेनं निघाली होतीस."

भाचीला हसावं की रडावं कळेना. नऊ वेळा. आणि आज तर या गुडघ्यानं. "कंटाळा नाही आला तुला?" तिनं विचारलं.

 सवयीनं आत्यानं भाचीच्या बाहीचं टोक हातात घेतलं, उलटलं आणि आत दुमडलेल्या कापडावर अंगठा फिरवला.

"हे बाहेरून दिसतं कुणाला?"

"नाही."

"मग कापून टाकायचं होतंस."

भाचीनं हात तसाच तिच्या हातात राहू दिला. रांग हळूहळू पुढे सरकत होती. मास्तर आले होते, कोटाचं बटण लावून. त्यांनी लांबूनच बाही दाखवली आणि मान हलवली. आत्यानंही हलवली.

मग ती काठीवर भार देऊन उठली. भाचीनं दंडाला धरलं. दोघी काठाकाठानं निघाल्या, दर खांबाशी थांबत. कुणाला दिलं, हे आत्यानं विचारलं नाही आणि भाचीनं सांगितलं नाही. मोठ्या पुलाच्या मधोमध आत्या दम खायला थांबली, तेव्हा भाची कठड्यावरून खाली पाण्याकडे बघत म्हणाली,

"बहुतेक मीही पडणाऱ्यालाच दिलंय गं."

आत्यानं गुडघा चोळला आणि काठी पुढे टाकली.

"बरं झालं," ती म्हणाली. "या वेळी मोजणाऱ्याला दोन सापडतील."