रडकी पोर देव घेत नाही

मुक्ताबाई शाळेच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली, तेव्हा रावजी मास्तरांना वाटलं, ही पसाभर जोंधळे मागायला आली. खंडोबाची मुरळी दारात आली की दुसरं काय असणार! त्यांनी शाळेमागच्या खोलीतल्या बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, तर मुक्ताबाईनं मान हलवली.

"जुंधळं नगंत, मास्तर. मला बोलवा."

"कुठं?"

"हितं. शनवारी. पोरांफुडं."

मास्तर बघतच राहिले.

अंथुर्ण्याच्या शाळेत त्या वर्षी एक नवंच खूळ निघालं होतं. मारुतीच्या देवळाला खेटून असलेल्या त्या दोन खणांत पोरं वर्षानुवर्षं एकच निबंध लिहीत आली होती. गाय हा उपयुक्त पशू आहे. ज्यांच्या घरी गाय नव्हती तीही हेच लिहायची, आणि ज्यांना गाईनं शिंगावर घेतलं होतं तीही हेच. रावजी मास्तर बारामतीचे, वयानं कोवळे, डोक्यात वारं भरलेले. त्यांनी दर शनिवारी गावातल्या एकेका माणसाला बोलवायला सुरुवात केली. यायचं, स्वतःवर बेतलेलं काहीतरी तोंडानं सांगायचं. मग पोरांनी ऐकता ऐकता जे आपलं आठवलं ते पाटीवर लिहायचं आणि उभं राहून वाचून दाखवायचं. पहिल्यांदा तात्याबा आला. तो मागच्या लढाईत बसऱ्याला खेचरं सांभाळायला गेला होता. वाळूत मेलेल्या एका खेचराची हकिकत सांगता सांगता तो स्वतःच पटक्याच्या शेवानं डोळे पुसायला लागला. त्या दिवशी एका पोरीनं मेलेल्या शेळीवर लिहिलं, एका पोरानं बापाच्या मारावर. तेव्हापासून आईबापही ऐकायला ओट्यावर येऊन बसू लागले. काही कौतुकानं, काही आपलं नाव निघतंय की काय या धास्तीनं.

पण तात्याबा वेगळा आणि मुरळी वेगळी.

"गाव काय म्हणेल, बाई?" मास्तर म्हणाले.

"जागरनाची सुपारी देतंय तवा गाव काय म्हनतं?" मुक्ताबाई ओट्याच्या कडेला टेकली. "सोपानाची लीला हाय न्हवं तुमच्या शाळंत? तिच्यासाठनं आलेय."

लीलेचं प्रकरण साऱ्या गावाला ठाऊक होतं, मास्तरांनाच नव्हतं. सोपान आणि बनाबाई कालव्याखालच्या मळ्यात वांगी-मिरची काढून बारामतीच्या बाजारात नेत. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा बनाबाई जेजुरीला जाऊन बोलली होती, पहिलं लेकरू तुझं. पहिली लीला झाली. तिच्या पाठीवर गेणू झाला. नवस मात्र आज फेडू, उद्या फेडू, असा लांबत गेला. आता उन्हाळ्यात गेणू तापानं फणफणला आणि बनाबाईनं ताडलं, देव आपलं मागतोय. येत्या चंपाषष्ठीला लीलेचं खंडोबाशी लग्न लागणार होतं. हिरवं लुगडं, भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ. एकदा ती माळ पडली की कुणा माणसाशी लग्न नाही, स्वतःचा संसार नाही, जन्मभर देवापुढं आणि लोकांपुढं नाचायचं.

"पण आता कायदा झालाय," मास्तर तावातावानं म्हणाले. "सरकारनं बंदी घातलीय याला."

"व्हय. मागल्या जागरनाला फौजदार म्होरंच बसला हुता. लई दाद दिली त्यानं."

मास्तरांचा ताव तिथंच ओसरला.

"सोपानाच्या मनात न्हाय," मुक्ताबाई सांगू लागली. "त्याच्या आयनं मरताना सांगून ठिवलंय, रडकी पोर देव घेत न्हाय. जेजुरीच्या पायरीवर पोर नगं म्हनून रडली, तर देवानंच माघारी दिली आसं समजायचं. त्याच आशेवर बसलाय त्यो. पन पोरीला शिकवीना! शिकवून रडिवली तर देवाला फशिवल्यागत हुतंय म्हनं. तिचं तिनं रडाय पायजे. आन् तिला काय ठावं? हिरवं लुगडं मिळनार, एवढंच. मी बनीला समजवाय गेले, तर तिनं मला बांधावरनंच हाकललं. देवाचं खाल्लंस आन् देवावर उलटलीस म्हनली."

मग ती हळूच म्हणाली, "मी न्हाय रडले, मास्तर. मला गूळ-खोबरं दिलं हुतं. मला वाटलं, जत्रंला आनलंय."

मास्तरांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "या. पण एक आहे. समोर लेकरं असतात. त्यांच्यापुढं बोलण्यासारखं असेल तेवढंच बोला."

"मंग माझ्यापाशी बोलाय ऱ्हायलंच काय!" असं म्हणून मुक्ताबाई उठली. पण ती येणार होती.

शनिवारी ती घंटी घरीच ठेवून आली. भंडाऱ्याची पिशवीही घेतली नाही. साधं जुनेर नेसली, कपाळ कोरडं ठेवलं. आज गाणं नाही, ठेका नाही, काही नाही, जे झालं ते सरळ सांगायचं आणि उठायचं, असं तिनं मनाशी घोकून ठेवलं होतं. जन्मात पहिल्यांदा ती लोकांपुढं उभी राहायला भीत होती. मुरळी शाळेत येणार ही बातमी फुटल्यामुळं ओट्यावर मुंगीला जागा नव्हती. पाटील सतरंजीवर बसले होते. सोपान खांबाला टेकून, खाली मान घालून उभा होता. लीला दुसऱ्या ओळीत, मांडीवर पाटी घेऊन बसली होती. बनाबाई आली नव्हती.

"मी कोऱ्हाळ्याची," मुक्ताबाईनं सुरुवात केली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "लीलीएवढी आसंन. बा मला खांद्यावर बसवून जेजुरीला घिऊन गेला. समद्यांनी माज्या अंगावर भंडारा उधळला. मी हसत हुते. मंग आयनं माझी येनी घातली. लई घट्ट घातली. मी म्हनलं, आये, दुकतंय. ती कायबी बोलली न्हाय. मला वाघ्याच्या बायकूपाशी बसिवलं आन् म्हनली, बस, मी पानी पिऊन येते."

वर्गात चिडीचूप झालं.

"मी वाट बगितली. पान्याचं टाकं समोरच हुतं. तितं आय नव्हती. म्हनलं, गर्दी आसंल. पार दिवस कलला, तरी मी टाक्याकडंच बगत हुते. वाघ्याची बायकू म्हनली, चल. मी म्हनलं, आय पानी पितीया आजून."

पुढच्या ओळीतली एक चिमुरडी मुसमुसायला लागली. सोपाननं खांबाला कपाळ टेकवलं. आणि लीला! लीलेची हनुवटी थरथरत होती, डोळे काठोकाठ भरले होते, आणि बघता बघता दोन टपोरे थेंब पाटीवर पडले.

इथंच थांबायला हवं होतं. देवाशपथ, इथंच. ज्यासाठी ही बाई शाळेची पायरी चढली होती, ते तिच्या समोर घडत होतं. पण जागरणात उभं राहून जिचा जन्म गेला तिचं अंग तिच्या ताब्यात थोडंच असतं! तिला सांभाळणाऱ्या वाघ्या जयवंतानं लहानपणी काठीच्या धाकानं एक गोष्ट शिकवली होती. देवाच्या जागरणातून माणूस रडत घरी जाता कामा नये. डोळ्यांत पाणी आणलंस, की त्याच पावली हसव. समोर भरले डोळे दिसले की मुक्ताबाईच्या अंगातली मुरळी आपोआप जागी व्हायची. इतकी वर्षं झाली, त्यात कधी खंड पडला नव्हता.

तिचा हात कमरेवर गेला. पायानं ठेका धरला.

"मंग काय हो," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "वाघ्याची बायकू चालाय लागली ती आशी!" आणि तिनं त्या बाईचं डुलत डुलत चालणं असं काही करून दाखवलं की रडणारी चिमुरडी फिसकन हसली. मग जयवंताचं घोरणं आलं. मग पहिल्या जागरणाला ती शब्द विसरली आणि कोऱ्हाळ्याच्या पाटलांनीच पगडी सावरत पुढची ओळ म्हटली, ते आलं. मोठमोठे मिशाळ बाप्ये एका एवढ्याशा पोरीपुढं श्वास रोखून कसे बसले, ते आलं. पोरं हसून हसून एकमेकांवर कोसळली. पाटलांच्या पोटाला हिसके बसत होते. तिनं येळकोट येळकोट म्हटलं आणि सगळ्यांनी जय मल्हार म्हणून शाळा डोक्यावर घेतली.

मुक्ताबाई घामानं डबडबून खाली बसली. जमलं, असं तिला वाटलं. लीलेचे ते दोन थेंब तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. हसू येतं नि जातं, रडलेलं मनात राहतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पाट्यांवर पेन्सिली करकरत होत्या आणि ती एकटक लीलेच्या खाली वाकलेल्या मानेकडं बघत होती. पोर थांबत नव्हती. पाटीची एक बाजू भरली, तिनं दुसरी घेतली.

वाचायची वेळ झाली. एका पोरानं चुलत्याच्या घोरण्यावर लिहिलं होतं, एकानं जत्रेत हरवल्यावर. मग लीला उठली. एरवी तिचा आवाज पहिल्या ओळीलाही ऐकू जात नसे. आज तिनं पाटी दोन्ही हातांनी वर धरली आणि देवळापर्यंत जाईल अशा आवाजात वाचायला लागली.

"माझ्या घरी मी बोलले तर कोणी ऐकत नाही. गेणू बोलला की आई हातातलं काम टाकते. म्हणून मी मळ्यात जाऊन वांग्यांना गोष्टी सांगते. मला देवाला देणार आहेत. मला फार भीती वाटत होती. मी रोज वाकळंत तोंड घालून रडत होते. कोणाला सांगितलं नाही. मी ठरवलं होतं की जेजुरीला गेल्यावर मोठ्यानं रडायचं आणि बाच्या धोतराला धरून ठेवायचं. पण आज मुक्ताआत्या बोलली तेव्हा पाटील गप्प होते. माझा बा गप्प होता. मला आधी रडू आलं, मग हसू आलं. आई पाणी प्यायला गेली तरी सगळा गाव आपल्याकडं बघतो हे मला माहीत नव्हतं. आता मी रडणार नाही. मी पण उभी राहीन आणि सगळे माझं ऐकतील."

"शाबास!" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. तिसरीतल्या पोरीनं असं लिहिलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मग काय ऐकलं ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मुक्ताबाईला लख्ख दिसलं. पोर रडणारच होती. कोणी सांगितलं नसतं, कोणी शिकवलं नसतं, तरी आपली आपण रडणार होती. आपण आलो नसतो तर वाचली असती. हे कळायला तिला पळभरही लागलं नाही, आणि कळल्यावर तिला बसवेना.

"खोटं हाय त्ये!" ती ताडकन उठली. "लीले, आगं, मी खोटं सांगितलं! जागरन हाय तवर ऐकत्यात लोकं. सकाळी त्येंच्याच दारात गेले तर बाया लेकरं आत वढून घेत्यात. मला दोन पोरं झाली, एकबी जगलं न्हाय, आन् त्येंचा बा कोन, ह्ये इचाराय कोन आलं न्हाय. रातच्याला दार वाजलं की..."

"बाई!" मास्तर ओरडले. "लेकरं आहेत समोर!"

मुक्ताबाई ऊर बडवून रडायला लागली. लाजलज्जा सोडून, भुईवर बसकण मारून रडली. पोरांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग एकमेकांकडं. एक जण गालात हसला. दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. सगळी पुढं सरकून, हसू दाबून वाट बघत बसली. मघाशीही बाईंनी असंच रडवलं होतं. आता कमरेवर हात कधी जातो, तेवढंच बघायचं होतं. लीला सगळ्यांत पुढं होती.

मुक्ताबाईनं वर बघितलं. ते हसरे, आतुर चेहरे बघून तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं.

सोपान आत आला. त्याच्या दाढीच्या खुंटांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "पोरगी हसतीया, मुक्ताबाय," तो म्हणाला. "तिच्या तोंडानं बोलली ती. समद्यांम्होरं बोलली. आता मी देवाला काय सांगू?"

"सांग, न्हाय देत म्हनून! तू बा हायेस तिचा!"

"आन् गेणूला काय झालं तर?"

मुक्ताबाईनं मास्तरांकडं बघितलं. मास्तर पाट्या गोळा करायला लागले. पाटील केव्हाच जोडे घालून निघून गेले होते. सोपाननं लीलेचा हात धरला आणि तिला घेऊन तो बाहेर पडला.

देवळापुढच्या पिंपळापाशी जाऊन लीलेनं हात सोडवला आणि ती धावत परत आली. मुक्ताबाई अजून भुईवरच होती. पोरीनं वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आत्या, चंपाषष्टीला तू येशील न्हवं जेजुरीला? मला समदं येत न्हाय आजून. तू जवळ आसलीस की मला भ्या वाटनार न्हाय."

नको म्हणावं, तर पोर त्या पायऱ्यांवर एकटी पडणार होती. मुक्ताबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. वेणी सैल होती, दुखू नये अशी घातलेली.

"व्हय," ती म्हणाली. "येते की."