उजव्या खांद्यावरची गाठ

सूर्योदय बघायला माणसं विमानात बसून येतात हे मी गेली तीस वर्षं बघते आहे, आणि अजून मला ते पटलेलं नाही. सूर्य माझ्या कोबीच्या वाफ्यावरही उगवतो. त्याला जीप लागत नाही. चेमोरो लावांगच्या वाडीत जन्मून मी त्रेसष्ट वर्षं काढली. ब्रोमो ज्वालामुखीचा धूर मला अंगणातून दिसतो, वारा फिरला की त्याची राख माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. असला रोजचा डोंगर बघायला मी दुसऱ्या डोंगरावर कशाला जाऊ?

तरी गेले. का गेले ते सांगते.

माझ्या घरात माणसं दोन, मी आणि माझी सून करमिनी. मुलगा तास्रिप चार वर्षांपूर्वी तापानं गेला. करमिनीचं माहेर पलीकडच्या उतारावर, भाऊ न्यायला आला होता, पण ती गेली नाही. बटाट्याचं शेत, एक घोडी, पाहुण्यांना द्यायच्या तीन खोल्या आणि मी, एवढं सगळं ती एकटी सांभाळते. मी तिला तोंडावर कधी चांगलं म्हटलेलं नाही. चांगलं म्हटलं की माणूस सुस्तावतं. पण ती गेली तर चुलीपुढं बसून मी कोणाला बोलणार, घोडीला? माझी एवढी एकच भीती होती, आणि ती मी कोणाला कळू दिली नव्हती.

कड्याच्या टोकाला सरकारी चौकी आहे. तिथं एक माणूस दिवसभर एका सुईकडं बघत बसतो. सुई थरथरली की डोंगर थरथरला असं समजायचं. हा माणूस म्हणजे वासिस, मानानं पाक वासिस. खालच्या ब्लितारचा, चाळिशीचा, बिनलग्नाचा, आणि थंडीत नाक कायम लाल. वर्षभर तो आमच्याकडं बटाटे घ्यायला येत होता. एकट्या माणसाच्या पोटात एवढे बटाटे मावत नाहीत हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं. पण आमच्यात आलेल्याला चुलीपाशी बसवून खाऊ घातल्याशिवाय पाठवत नाहीत, त्यामुळं त्याला दारातून वाटेला लावायची सोय नव्हती. तो बसायचा, मक्याचा भात खायचा, करमिनी वाढायची, आणि मी दोघांच्या मध्ये पाट टाकून बसायची.

एक दिवस घास गिळून तो म्हणाला, "उद्या मला सुट्टी आहे. करमिनी म्हणते, तिनं वरचा पनंजाकान पॉइंट कधी पाहिला नाही. मी जीप सांगितली आहे. सकाळी सातला."

मी करमिनीकडं बघितलं. ती चुलीत फुंकर घालत होती. विझलेली नसताना.

"छान," मी म्हटलं. "मीपण नाही पाहिला."

वासिसच्या हातातला चमचा थांबला. "पण आई, तुमचा खांदा..."

"मी तुझी आई कधीपासून झाले? खांद्यानं चालत नाही मी, पायानं चालते."

खांद्याचं असं झालं होतं की आदल्या दिवशी बटाट्याचं पोतं उचलताना माझा डावा खांदा भरला होता. करमिनीनं तांदूळ आणि कचोरा वाटून हा जाड लेप दिला होता. सकाळी थंडीनं दात वाजत होते. आम्ही सगळेच अंगावर सारोंग, म्हणजे लुंगीसारखं रुंद कापड, गुंडाळतो आणि त्याची गाठ मारतो. माझा हात वर जाईना. करमिनी म्हणाली, "थांबा आई, मी बांधते. डावीकडं लेपावर गाठ रुतेल." आणि तिनं ती उजव्या खांद्यावर बांधली.

आता हे नीट ऐका. आमच्याकडं बाईचं तोंड बघत नाहीत, गाठ बघतात. गाठ समोर छातीवर असली म्हणजे नवरा आहे. डाव्या खांद्यावर असली म्हणजे नवरा गेला. आणि उजव्या खांद्यावर असली म्हणजे मुलगी लग्नाची आहे, ज्याला विचारायचं त्यानं विचारावं. एवढं बघितलं की चौकशी करायची गरज उरत नाही, आणि आमची माणसं करतही नाहीत. माझी गाठ अकरा वर्षं डावीकडं होती. त्या सकाळी माझं सगळं लक्ष, जीपमध्ये कोण कुठं बसणार, याकडं होतं. खांद्याकडं कोण बघतो?

जीप माझ्या भाच्याची, पोनिमानची. मी मागच्या बाकावर मधोमध बसले. एका बाजूला वासिस, दुसऱ्या बाजूला करमिनी. पोनिमाननं आरशातून माझ्याकडं बघितलं, मग वासिसकडं, मग परत माझ्या खांद्याकडं.

"आत्या," तो म्हणाला, "आज मग... जोरात?"

"जोरात कशाला, सावकाश चालव. माझं अंग दुखतंय."

"बरोबर आहे. या वयात सावकाशच बरं." आणि वाटभर त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रस्त्याच्या खड्ड्यांनी हलतात.

पॉइंटवर सूर्य बघायला आलेली गर्दी खाली उतरून गेली होती. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. खाली डोंगरांमधला सगळा खड्डा ढगांनी भरला होता, दूध उतू जायच्या बेतात असावं तसा. त्यातून बातोक डोंगर उलट्या टोपलीसारखा वर आलेला, शेजारी आमचा ब्रोमो तोंड उघडून धुमसत, आणि सगळ्यांच्या मागं उंच सेमेरू, विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा मधूनच एक धुराचा गोळा सोडणारा. खोटं कशाला बोलू, मी कठड्यावर वाकून बघत राहिले. मग ढग जरा सरले, मला आमची वाडी दिसली, आणि माझ्या शेजारणीनं, सेनेतीनं, तिच्या शेताचं कुंपण माझ्या कोबीत हातभर आत घातलेलं दिसलं. जमिनीवरून ते कळत नव्हतं. म्हणजे पॉइंट अगदीच बिनकामाचा नाही.

"वासिस," मी म्हटलं, "त्या कुंपणाचा फोटो काढ."

त्यानं काढला. मग म्हणाला, "आता तुम्हा दोघींचा काढतो."

"आम्हा दोघींचा कशाला? तिघांचा काढू." मी त्याच्या कोपरात हात अडकवून त्याला माझ्या उजव्या बाजूला ओढला आणि करमिनीला डावीकडं उभं केलं. म्हणजे पुन्हा मध्ये मीच. केळ्याची भजी तळणाऱ्या बाईनं फोटो काढून दिला. वर मला चार भजी फुकट दिली आणि कानाशी येऊन म्हणाली, "तुमच्याकडं बघून आम्हाला धीर येतो हो."

मला वाटलं, एवढा खांदा भरलेला असताना मी वर चढून आले म्हणून म्हणते. मी मान डोलावली. "मनात आणलं की सगळं होतं," मी तिला सांगितलं. देवा, हे मी तिला सांगितलं.

तिथून खाली वाळूच्या मैदानात उतरलो. काळी वाळू, क्षितिजापर्यंत सपाट, आणि वाऱ्यानं ती नुसती सळसळते. ब्रोमोच्या पायऱ्यांपर्यंत घोड्यावर जायचं. घोडेवाल्यांत कार्योनो होता, माझ्या नवऱ्याचा जुना दोस्त, सहासष्ट वर्षांचा विधुर. दर पावसाळ्यात तो आमच्या घोडीसाठी गवताचे भारे आणून टाकतो. मला बघून त्यानं तोंड फिरवलं.

"काय रे, घोडा देतोस ना?"

"देतो की वहिनी. घोडा द्यायलाच आपण आहोत." त्यानं खोगिराचा पट्टा इतका करकचून ओढला की घोड्यानं वळून बघितलं. "सात पावसाळे गवत आणलं. सात. कधी वाटलं नाही की गाठ अशी उजवीकडं येईल. आणि आली ती कोणासाठी, तर सुई बघणाऱ्यासाठी."

मी खांद्याकडं बघितलं.

मला बसलेला हादरा सुईनं टिपला असता तर सरकारनं वाडी रिकामी केली असती. जीप, आरसा, भजी, कोपरात अडकवलेला हात, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. गाठ सोडायला गेले तर डावा हात वर येईना, आणि एकट्या उजव्या हातानं उजव्या खांद्यावरची गाठ सुटेना.

"करमिनी," मी दातांमधून म्हटलं, "ही सोड."

"इथं, आई? सगळ्यांसमोर? लोक म्हणतील आता काय चाललंय."

तेही खरं होतं. मी घोड्यावर बसले आणि मान ताठ ठेवली. माझ्या पुढं बातमी गेली होती. घोडेवाले वाटेतून बाजूला होऊन वाट देत होते, लग्नाच्या वरातीला देतात तशी.

ब्रोमोच्या पायऱ्यांशी सेनेती बसते. तीच, कुंपणवाली. पर्यटकांनी डोंगराच्या तोंडात टाकायच्या फुलांच्या जुड्या विकते. शेजारी आमचे पुजारी, पाक मुजियान, गरम आल्याचं पाणी पीत बसले होते. भोवती वीस-पंचवीस माणसं, सगळी वाडीची.

"ये गं मिसनाती," सेनेती लांबूनच गोड आवाजात म्हणाली. "तुझ्यासाठी पिवळी जुडी ठेवली आहे. नव्या नवरीला पिवळं शोभतं. पोरगा तसा बरा आहे, लहान आहे, पण तू वळण लावशील."

लोक हसले. वासिसचं नाक लाल होतंच, आता कानही झाले. "आई, या काय म्हणताहेत?" त्यानं विचारलं. ब्लितारचा माणूस, त्याला गाठीतलं काय कळणार.

पुजारीबुवांनी पेला खाली ठेवला. "मिसनाती, मला कळवायला हवं होतं. चांगले दिवस आधीच कमी आहेत. पुढच्या महिन्यात एक आहे."

मी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. आणि सेनेतीचं, तेही तिचं कुंपण माझ्या कोबीत असताना? माझं तोंड सुटलं.

"डोळे फुटले का सगळ्यांचे?" मी म्हटलं. "खांद्याला लेप आहे म्हणून गाठ इकडं आली. हा माझ्यासाठी नाही आला. वर्षभर बटाटे नेतोय तो काय माझं तोंड बघायला? हा करमिनीसाठी आलाय. आंधळ्यालासुद्धा दिसेल, हा तिच्याशी लग्न करायला निघालाय."

सगळ्यांच्या माना करमिनीकडं वळल्या. घोड्यांच्यासुद्धा.

मग पुजारीबुवा म्हणाले, "असं. म्हणजे करमिनीसाठी विचारणा आहे, आणि घरातली मोठी म्हणून तू ती इथं सांगते आहेस."

ब्रोमोच्या पायथ्याशी पुजाऱ्यासमोर बोललेला शब्द मागं घेता येत नाही. असा नियम कुठं लिहिलेला नाही. पण गेली चाळीस वर्षं मीच तो वाडीतल्या एकेकाला ऐकवत आले होते. सेनेतीलाही ऐकवला होता, तिच्या पोरीच्या वेळी. ती आता हाताची घडी घालून माझ्याकडं बघत होती.

मी वासिसचा दंड धरला आणि त्याला पायऱ्यांवर ओढलं. अडीचशे पायऱ्या. दहा चढायच्या, एक प्रश्न विचारायचा.

"लग्न करायचंय का खरंच?"

"हो आई. पण ती म्हणाली, आधी तुम्ही म्हणायला हवं. तुम्ही म्हणेपर्यंत ती एक शब्द बोलणार नव्हती."

दहा पायऱ्या.

"आणि मग तिला ब्लितारला नेणार. सपाट गावात. उकाड्यात."

"दोनदा बदली आली, दोन्ही वेळा नको म्हणून कळवलं."

"का?"

"चौकीत चूल नाही," तो धापा टाकत म्हणाला. "मला तुमच्या चुलीपाशी बसायची सवय लागली. तुम्ही मध्ये बसता तरीसुद्धा."

पुढच्या दहा पायऱ्या मी त्याचा दंड सोडला नाही. दमले होते म्हणून.

"माझ्या घरात राहायचं," मग मी म्हटलं. "घोडीचं शेण तू काढायचंस. आणि डोंगर उठणार असला तर सरकारच्या आधी मला सांगायचं."

"ते नियमात बसत नाही."

"बसव."

कड्यावर पोचलो. खाली डोंगराच्या पोटात पांढरा धूर गरगरत होता, गंधकाच्या वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं. सगळ्यांच्याच येतं तिथं. वासिसच्या हातात ती पिवळी जुडी होती, सेनेतीनं गळ्यात मारलेली. मी ती घेतली आणि आत टाकली. तास्रिपचं नाव मनात घेतलं. बाकी काय म्हटलं ते माझं आणि डोंगराचं.

घरी आल्यावर चुलीपाशी बसले. करमिनीनं माझी गाठ सोडली, लेप काढला, नवा लावला. मग मी तिला वळायला सांगितलं आणि एका हातानं, दातांची मदत घेऊन, तिच्या डाव्या खांद्यावरची गाठ सोडली. चार वर्षांची गाठ, पीळ बसला होता.

"उजवीकडं बांधू?" तिनं विचारलं.

"काही नको. पुढच्या महिन्यापर्यंत नुसतं पांघर. आज वाडीला पुरेशा गाठी दाखवून झाल्या."

ती हसली आणि खाली बघून चुलीत लाकूड सारलं.

मला एकदम काहीतरी आठवलं. "काय गं, लेप डाव्या खांद्यावर होता. मग गाठ समोर का नाही मारलीस? समोर मारली असतीस तर कोणी काही म्हटलं नसतं. म्हणाले असते, म्हातारीला थंडीत सुधरत नाही."

करमिनीनं आल्याच्या पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. चांगला गरम होता, गूळ जास्त घातलेला, मला आवडतो तसा.

"वर्षभर वाट बघितली, आई," ती म्हणाली. "तुम्ही काही मधला पाट उचलेनात."

मी पेल्यात फुंकर घातली. शिव्या पुष्कळ सुचत होत्या. पण मनातून बरं वाटलं, उगाच नाकारू कशाला. माझ्याच हाताखाली तयार झालेली आहे ती. दुसऱ्या घरात असली सून शोधून सापडणार नाही, आणि सेनेतीच्या घरात तर नाहीच.

"उद्या वासिसला बोलव," मी म्हटलं. "तो कुंपणाचा फोटो घेऊन यायला सांग."