मैनाचे डोहाळे

मैना कुत्रीचं पोट दिसायला लागलं तसा बब्रुवान गावात होणाऱ्या आजोबासारखा हिंडू लागला. पिल्लांची वाटणी पारावर होऊनही गेली. सरपंचानं तर न जन्मलेल्या पिल्लाचं नावही ठेवलं.

मग मैनानं भाकर सोडली. पाणी मात्र बादलीत तोंड घालून पीतच राहायची आणि सावलीला पडून धापा टाकायची.

"तालुक्याला, भूमच्या जनावरांच्या डाक्टरीणबाईला दाखवा," बब्रुवानची बायको गिरिजाबाई म्हणाली.

"गाभणीनं गावची शीव ओलांडायची नसती. म्हसोबा बसलाय तिथं."

"म्हसोबाला कुत्र्याचं पोट मोजायचं काम दिलंय व्हय?"

"तुला काय कळतंय? डोहाळे हायत ते."

बब्रुवानला गाई-म्हशींतलं कळत होतं, आणि गावाच्या रीतीनं एकातलं कळलं की सगळ्यातलं कळतं. त्यामुळं आठवडाभर तो डोहाळे पुरवीत राहिला. दूध आणलं, अंडी आणली. मैना नुसती बघायची.

एका सकाळी ती उठलीच नाही. गिरिजाबाईनं कुणाला काही विचारलं नाही. रिक्षा बोलावली आणि मैनाला गोधडीत गुंडाळून आत ठेवलं. शिवेवरून जाताना बब्रुवाननं हात जोडले. "पोटातली संभाळ," तो पुटपुटला.

भूमला डॉक्टर मिनाजनं पोट चाचपलं, मशीन फिरवून पाहिलं.

"काका, माजावर कधी आली होती?"

"झालं की दीड-दोन महिनं. पिल्लं किती हायत?"

"पिल्लं नाहीत, काका. गर्भपिशवीत पू भरलाय. माजानंतर होतं असं, वय झालेल्या कुत्रीला जास्त. पिशवी काढावी लागंल. उशीर झालाय, हमी देता येत नाही. नाही काढली तर मात्र जाणारच."

"एकबी न्हाय?"

"एकपण नाही."

बब्रुवाननं मशीनच्या पडद्यावर पिल्लं शोधून पाहिली. मग म्हणाला, "काढा."

दोघं बाहेर पायरीवर बसली. गिरिजाबाई काहीच बोलली नाही. बोलली असती तर त्याला निदान भांडता आलं असतं.

दुपारी डॉक्टर बाहेर आली. "ऑपरेशन निभावलंय. आता दोन-तीन दिवस काढले तर वाचली."

मैना गोधडीवर पडली होती. गुंगीतच तिनं डोळे किलकिले केले, बब्रुवानचा हात हुंगला आणि चाटला.

चावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.