अर्धी कांडी

टक टक.

रत्नाबाई गिऱ्हाइकासाठी पितळेचा गडवा कागदात गुंडाळत होत्या. तो तसाच टाकून त्या उठल्या, टोपलीतून रेशमाचा धागा गुंडाळलेली कांडी उचलली आणि आतल्या खोलीकडे चालू लागल्या. उंबऱ्याशी गेल्यावर भानावर आल्या. गिऱ्हाईक बाई बघतच राहिली.

"आत कोणी विणतंय का?" तिने विचारलं.

"नाई जी. तो माग नुसता पाहाले ठेवला हाय," रत्नाबाई म्हणाल्या आणि परत येऊन गडव्याला दोरा बांधला.

ही मालगुजारांची जुनी कचेरी. एके काळी इथे गावोगावचं धान मोजून घेत. मधली कैक वर्षं घर बंद होतं. अलीकडे त्याची नीट डागडुजी झाली, छपराचे कवेलू बदलले, भिंतींना चुना लागला आणि पुढच्या दालनात आसपासच्या कारागिरांच्या वस्तूंचं दुकान आलं. पितळी भांडी, बुरडांनी विणलेल्या टोपल्या, मातीचे बैल, करडी गावच्या एका मास्तरांनी काढलेली तलावांची चित्रं आणि आंधळगावचं कोसा रेशीम. आतल्या खोलीत केशवरावांचा माग होता.

केशवराव म्हणजे रत्नाबाईंचे यजमान. हिवाळ्यात ते गेले तेव्हा मागावर अर्धी साडी होती. दुकान चालवणाऱ्या रीनाने माग विकत घेतला, तोही अर्ध्या साडीसकट, म्हणजे बघणाऱ्याला खरा वाटेल. शिवाय दुकानात बसून सूत गुंडाळायच्या रहाटावर कांड्या भरायला रत्नाबाईंना कामावर ठेवलं. माग आणि बाई एकाच टेम्पोतून आले, असं चंदन चौकीदार सगळ्यांना सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

केशवरावांनी उभ्या जन्मात बायकोला नावाने हाक मारली नाही. कांडी संपली की ते आडवा धागा नेणाऱ्या धोट्याने मागाच्या लाकडावर दोनदा वाजवायचे. टक टक. मग रत्नाबाईंनी तव्यावरची भाकर सोडून, अंगावरचं पोर बाजूला ठेवून भरलेली कांडी घेऊन जायचं. त्या आवाजाने त्यांचं कपाळ उठायचं. मी काय कुत्री हाय का, असं एकदा त्यांनी विचारलंही होतं, पण पाण्याच्या गुंडीला. नवऱ्याला विचारायची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी दुकानात तो आवाज पहिल्यांदाच आला. त्यांना वाटलं, उन्हानं लाकूड तडकलं असेल. तरी गिऱ्हाईक गेल्यावर सवयीने त्या उठल्या आणि मागाच्या फळीवर कांडी ठेवून आल्या. सकाळी चंदनने कुलूप काढलं तेव्हा फळीवर कांडीची नुसती काडी उरली होती. साडी चार बोटं पुढे सरकली होती. रत्नाबाईंनी कापडाच्या कडेवरून बोट फिरवलं. उजवी कड जरा ओढलेली होती. सायकलवरून पडून हात मोडल्यापासून केशवरावांची उजवी कड नेहमी तशीच यायची. रत्नाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

रीनाला वेगळंच वाटत होतं.

"मावशी, सकाळी लवकर येऊन तुमीच विणून राहिल्या न? छान करून राहिल्या. पन सांगाचं त मले."

"आमच्यात बाया मागावर नाई बसत."

"नका सांगू मंग," रीना हसली. "पन आता आटपा. नागपूरच्या सुलोचनाबाईनं साडी धरून ठेवली हाय. पोरीचं लगन हाय त्यायच्या. झाली की कापून देऊन टाकू अन् माग साफ करून ठेवू."

त्या दिवसापासून रत्नाबाईंना धास्ती लागली. भुताची नव्हे. मागावरचे उभे धागे संपत आले होते. साडी पुरी झाली की केशवरावांना इथे काय काम उरणार? कामाशिवाय बसून राहणारा तो माणूसच नव्हता.

म्हणून त्यांनी कांड्या अर्ध्याच भरायला घेतल्या. कांडी अर्धी म्हणजे साडी हळू वाढणार, आणि कांडी लवकर संपली की पुन्हा टक टक. ज्या आवाजाने जन्मभर जीव वैतागला, त्याच्यासाठी आता त्या कान लावून बसायच्या. गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि यांचं लक्ष आतल्या खोलीत. तरीही साडी वाढतच होती. पदराला सुरुवात झालेली दिसली तेव्हा रत्नाबाईंनी कांडी द्यायचंच बंद केलं.

त्या दुपारी ऊन असं होतं की रस्त्यावर माणूस नव्हतं. टक टक. रत्नाबाई रहाटासमोर हात मांडीत दाबून बसल्या. टक टक. आवाज रागाचा असता तर त्यांनी सहज सोसला असता. तो रागाचा नव्हता. थांबून थांबून यायचा, हळू, कोणी घरात आहे का असं विचारल्यासारखा. जिवंतपणी दुसऱ्यांदा वाजवायची वेळ रत्नाबाईंनी त्यांच्यावर कधी आणली नव्हती. ऊन भिंतीवरून उतरलं तरी वाजणं सुरूच होतं. दुकानातल्या फळीवरचे मातीचे बैल त्या आवाजाबरोबर बारीक थरथरत होते.

चंदन बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभा होता. तो दारापर्यंत आला, पण आत पाऊल टाकेना.

"बाई, आत कोनी नाई जी. सकाळीच मी पाहून आलो."

"मले माहीत हाय."

"मंग देऊन द्या न जी. काय मागून राहिलं ते देऊन द्या. मले आयकवत नाई आता."

रत्नाबाईंनाही ऐकवत नव्हतं. त्यांनी रहाट ओढला, कांडी भरली, घट्ट आणि काठोकाठ, आणि आत जाऊन फळीवर ठेवली. खोलीत कोणी नव्हतं. केशवरावांच्या हुक्क्याचा जुना वास मात्र होता.

"घ्या," त्या म्हणाल्या. "अर्ध्याच देऊन राहिली होती मी. माह्यासाठीच. आता काम पुरं करा तुमचं."

दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

सकाळी साडी पूर्ण झालेली होती, पदरासकट. रत्नाबाईंनी ती कापली, घडी घातली आणि उजव्या कडेला गाल लावून पोटभर रडल्या. चंदन पाठ करून उभा राहिला. त्यानंतर आतली खोली गप्प झाली.

रीना कात्री घेऊन आली. कापड गेलं तरी मागाच्या फणीत हातभर धागे लोंबत होते. "हे काढून टाका न मावशी. कसं तरी दिसते."

"हात नोको लावू त्याले," रत्नाबाई इतक्या जोरात म्हणाल्या की रीना मागे सरकली. "ह्या धाग्यालेच नवा धागा जोडतेत. माह्या सासऱ्याच्या वक्तापासून हे फणी मोकळी नाई झाली. मोकळी झाली त घर बुडालं समजतेत आमच्यात."

"पन आता कोन विणन?"

"मी."

आंधळगावहून त्यांनी रेशमाचं सूत आणवलं आणि एकेका जुन्या धाग्याला एकेक नवा धागा पिळून जोडला. मान मोडून आली, डोळ्यांना पाणी आलं. सगळे जोडून झाले त्या दुपारी त्या पहिल्यांदा केशवरावांच्या बसायच्या फळीवर बसल्या. फळी मधोमध झिजून खोल झाली होती. धोटा इकडून तिकडे जाताना दोनदा खाली पडला. कड वाकडीतिकडी येत होती.

तरी कांडी संपलीच. रत्नाबाईंचा हात आपोआप उठला आणि धोटा मागाच्या लाकडावर वाजला.

टक टक.

दारातून पुढच्या दालनातला रहाट दिसत होता. रत्नाबाई त्याच्याकडे बघत बसून राहिल्या. बाहेर चंदनची खुर्ची करकरली आणि मग तो आवाजही थांबला. रहाट हलला नाही.

बराच वेळ त्यांनी वाट पाहिली. मग पदर खोचून त्या उठल्या, रहाटाशी जाऊन बसल्या आणि आपली कांडी आपणच भरली. काठोकाठ भरली.