खिशातल्या कॅमेऱ्याची परीक्षा

वस्तूंना नावं ठेवण्याचे मला पैसे मिळतात. आमचे हे म्हणतात, पैसे नसते मिळाले तरी तू ठेवलीच असतीस. खरं आहे ते. रविवारच्या पुरवणीत माझं अर्ध्या पानाचं सदर असतं. इस्त्री, मिक्सर, फोन, कॅमेरा, बाजारात जे नवीन येईल ते घरी आणायचं, वापरायचं आणि घ्यावं की घेऊ नये ते सांगायचं. मी कुणाची भीड ठेवत नाही. एका पंख्याबद्दल मी लिहिलं होतं की याच्याखाली बसण्यापेक्षा याचं खोकं हातात घेऊन वारा घ्या, जास्त लागेल. ती कंपनी वर्षभर आमच्या पेपरशी बोलत नव्हती.

मध्यंतरी हा कॅमेरा आला. साबणाच्या वडीएवढा, शर्टाच्या खिशात मावणारा, फक्त व्हिडिओ काढणारा. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत 'हाय डेफिनिशन' आणि किंमत इतकी कमी की मला तिथेच संशय आला. स्वस्त वस्तूचा मला राग नाही. स्वस्त असून मोठ्या बाता मारते तिचा येतो.

कॅमेरा कुठलाही असो, माझी परीक्षा एकच. जेवणाच्या टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून आमचे हे बसतात आणि संत्रं सोलतात. लोक हसतात, पण संत्र्यात सगळं येतं. रंग खरा दिसतो की भडक, ते कळतं. साल फाटताना उडणारे बारीक तुषार दिसले तर कॅमेऱ्याची नजर चांगली. सोलता सोलता हे बसमधल्या पोरांचे किस्से सांगतात, त्यावरून आवाज कळतो. हे शाळेची बस चालवतात. हात चांगले राठ आहेत, पण संत्र्याची साल कुठेही न तुटता एका लांब पट्टीत काढतात आणि वर माझ्याकडे बघून भुवया उडवतात. अशी सगळ्या जुन्या कॅमेऱ्यांची चित्रणं मी जपून ठेवली आहेत, एकाशेजारी एक लावून बघता यावीत म्हणून.

या वेळी साल तुकड्या-तुकड्यांत निघाली. "संत्रंच सुकलंय गं," हे म्हणाले. मी म्हटलं, असेल. खरं तर माझा स्वतःचा चांगला कॅमेरा शेजारी ठेवून दोन्हींनी एकदमच चित्रण करायचं, ही माझी पद्धत. पण तो दुरुस्तीला गेला होता. म्हणून तुलनेला मागच्या वर्षीचं चित्रण काढलं, पुन्हा पुन्हा मागेपुढे करून पाहिलं आणि लिहायला बसले.

लिहिताना अशी रंगात आले म्हणून सांगू. "हा कॅमेरा खिशात मावतो आणि त्याने तिथेच राहावं. हालचाल अडखळते. हात निघतो, मध्येच थांबतो, मग आठवण झाल्यासारखा पुढे सरकतो. चेहरा नुसता सपाट, हसू तर याला टिपताच येत नाही. माइक इतका मिळमिळीत की समोर बसलेला माणूस शेजारच्या खोलीत कुजबुजतोय असं वाटावं." आणि खाली एका ओळीत निकाल, घेऊ नका.

माझं असलं काही लिहून झालं की मी ते आधी यांना वाचून दाखवते आणि हे पोट धरून हसतात. या वेळी म्हणाले, "जरा जास्तच झोडपलंस बिचाऱ्याला."

"तुम्हाला कधीपासून कॅमेऱ्यांचा पुळका आला?" मी म्हटलं.

त्यावर हे उठून आत गेले. मला वाटलं, दमले असतील.

दोषाबद्दल लिहायचं तर छापण्याआधी कंपनीला विचारायचं, असा आमच्या संपादकांचा नियम आहे. त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन. "कंपनी म्हणते, आवाजाचं एक वेळ मान्य करू, पण हालचाल अडखळत नाही, पैज लावतो. काय ते पुराव्यानिशी दाखवा मला."

मला कुणी पुरावा मागितला की माझ्या अंगात येतं. दोन्ही चित्रणं घेऊन तडक ऑफिसात गेले. संपादकांच्या काचेच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर डावीकडे मागच्या वर्षीचं लावलं, उजवीकडे हे नवीन. "आता नीट बघा," मी म्हटलं आणि पट्टी घेऊन पडद्याजवळ उभी राहिले. "हा हात निघाला. आणि हा थांबला. दिसलं? निघाला, थांबला. याला काय हाय डेफिनिशन म्हणायचं?"

संपादक तसे बोलके. चहा मागवल्याशिवाय आणि एक-दोन टोमणे मारल्याशिवाय सोडत नाहीत. पण या वेळी ते खुर्ची पुढे ओढून नुसते बघत होते. मग म्हणाले, "पुन्हा लावा. आवाज वाढवा."

मी वाढवला. यांचं बोलणं कुजबुजीसारखंच आलं. मी विजयाने वळले.

"मागे रस्त्यावर सायकलची घंटा वाजली," संपादक म्हणाले. "ती खणखणीत आली."

"घंटाच ती. ती कुठल्याही डबड्यात येईल."

"आणि तो टॉवेल?"

"कुठला टॉवेल?"

ते उठून पडद्याशी आले आणि खिडकीवर बोट ठेवलं. खिडकीबाहेर दोरीवर आमचा निळा टॉवेल वाळत होता. वारा असावा. टॉवेल फुगत होता, खाली येत होता, पुन्हा फुगत होता, कुठेही न अडखळता. त्याच्या मागून तो सायकलवाला खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ निघून गेला. पाखरू उडून गेलं, तेही सरळ. अख्ख्या चित्रात एकच गोष्ट थांबत थांबत हलत होती.

नवऱ्याला मी तास न् तास पाहिलं होतं. मागे घेऊन, पुढे घेऊन, थांबवून. दोष शोधायलाच बसले होते आणि एकूण एक बरोबर शोधले होते. फक्त ते कॅमेऱ्याच्या नावावर घातले होते. कॅमेऱ्याकडे बघायची इतकी सवय झाली होती की समोर माणूस आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

संपादकांनी चित्र बंद केलं. "माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "कंपवात. हात थरथरायला लागले ते पुढे. आधी नुसतं मंदावले. चेहरा असाच झाला, आवाज बसला. आम्ही म्हणायचो, वय झालं. मी काही डॉक्टर नाही, पण दाखवून घ्या त्यांना." मग त्यांनी विचारलं, "ते काम काय करतात?"

"शाळेची बस चालवतात," मी म्हटलं, आणि माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं. संपादकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. शाळा सुटायची वेळ झाली होती.

कशी पोचले ते विचारू नका. पर्स संपादकांच्या टेबलावरच राहिली, हे नंतर कळलं. शाळेच्या फाटकाशी बस उभी होती आणि पोरं चढत होती. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, ढकलाढकली. पोरांना हाताला धरून चढवणारी बसमधली मावशी प्रत्येकाला जागेवर बसवत होती. सगळी बसल्यावर ती पुढे आली, यांच्या अंगावरून ओणवी झाली आणि तिने चावी फिरवली. यांनी नाही, तिने. पोराचं नाक पुसावं इतक्या सहज. इंजिन सुरू झालं आणि ती मागे सरली.

मी पायरीवर चढले. "अगं, तू इथे कुठे?" हे म्हणाले. पडद्यावर पाहिलेला तोच चेहरा.

"बस बंद करा."

"पोरं बसलीत सगळी. घरी सोडतो, मग बोल." आणि त्यांनी बस काढली.

जिच्या तोंडाला म्हणे कंपन्या घाबरतात, तिच्या तोंडून शब्द फुटेना. आडवं यायला हवं होतं, चावी काढून घ्यायला हवी होती. मी दांडा धरून यांच्या मागे नुसती उभी राहिले. मावशी माझ्या शेजारी. ती रस्त्यावर नजर ठेवून हलक्या आवाजात बोलत होती. "भाऊ, पुढे वळण आहे. भाऊ, डावीकडून गाडी येतेय." पोरांना ते ऐकू जाऊ नये असा आवाज. तिला सवय झालेली होती. रोजचं होतं हे.

बेकरीच्या कोपऱ्यावर गल्लीतून एक सायकलवाला एकदम आडवा आला. "भाऊ, ब्रेक," मावशी म्हणाली. यांचा पाय उचलला गेला. मी तो पाय बघत होते. उचलला गेला आणि हवेत थांबला. तसाच, संत्र्यावरच्या हातासारखा. मग खाली आला. बस करकचून थांबली. सायकलवाल्याने समोरच्या पत्र्यावर हात आपटला, आम्हाला शिव्या घातल्या आणि निघून गेला. पोरं एकमेकांवर पडली आणि खिदळायला लागली.

"पुन्हा, काका, पुन्हा," मागून कुणीतरी ओरडलं.

शेवटचं पोर त्याच्या आजोबांच्या हातात गेलं. मावशी उतरताना थांबली. "वहिनी, मी यांना कितीदा म्हटलं, घरी सांगा म्हणून," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसत खाली उतरली. रिकाम्या बसमध्ये आम्ही दोघंच उरलो. मी पोरांच्या बुटक्या सीटवर बसले, गुडघे पोटाशी घेऊन.

"कधीपासून?"

"सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हापासून."

"डॉक्टरकडे गेला होतात?"

"गेलो होतो."

"काय म्हणाले?"

"गाडी चालवू नका म्हणाले." भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं तुम्हाला?"

"तुला सांगितलं असतं तर तू चालवू दिली असतीस?"

"नसती दिली. आत पोरं असतात. कुणाकुणाची पोरं आहेत ती. तो सायकलवाला कुणाचा तरी मुलगा आहे." माझा आवाज चढला, चढू दिला. "तुम्हाला लाज कशी वाटली नाही हो? तो पाय हवेत होता तेव्हा माझा जीव जायचा राहिला."

"गोळ्या चालू आहेत. सकाळी बरं असतं. मावशी असतेच." मग हे स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "तू वाचून दाखवलंस ना, हालचाल अडखळते म्हणून. मी मनात म्हटलं, सुटलो. हिला कॅमेराच वाटला." "तसंच छाप ना गं. कॅमेऱ्याला काय फरक पडतो?"

मला रडू आलं. रागानेही आलं आणि कशाकशाने आलं. "नाही छापायची. त्या कॅमेऱ्याने जे होतं तेच दाखवलं. माझ्यापेक्षा त्याला जास्त दिसलं."

"बस गेली तर मी दिवसभर करू काय? मला दुसरं येतं काय?" पहिल्यांदाच यांचा आवाज हलला. "सकाळी ही पोरं काका काका करतात, तेवढ्यावर माझा दिवस निघतो. ते गेलं की मग मी कोण, सांग."

मी म्हटलं, "मला नाही माहीत. ते आपण दोघं मिळून बघू. पण उद्या ही चावी तुम्ही लावणार नाही आणि मावशीही लावणार नाही. शाळेच्या साहेबांना फोन तुम्ही करता की मी करू?"

यांनी खिशातून फोन काढला. बोट आकड्यावर नेलं, थांबलं, मग टेकलं. मी मदत केली नाही. माझा हात दोनदा पुढे गेला, पण मी तो मांडीखाली दाबून धरला.

"साहेब, उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघा," हे म्हणाले. मग पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "का म्हणजे? आमच्या बायकोने घरी कॅमेऱ्याची परीक्षा घेतली. कॅमेरा पास झाला, मी नापास झालो."

साहेब खो खो हसले. मला लांबूनही ऐकू आलं. यांचा थट्टेखोर स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. हेही हसायला गेले असावेत, पण चेहऱ्यावर काही आलं नाही. साहेबांचं हसू संपेपर्यंत हे थांबले आणि मग थट्टा बाजूला ठेवून खरं काय ते सांगितलं. साहेब म्हणाले, नीट ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला.

यांनी फोन तोंडाजवळ धरला, छाती भरून श्वास घेतला आणि त्या रिकाम्या बसमध्ये होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढून म्हणाले, "मला आता गाडी चालवता येत नाही, साहेब."